गुरुजींचा समुद्र

समुद्रावर आमच्या गुरुजींइतकं प्रेम करणारा माणूस अख्ख्या किनारपट्टीवर सापडायचा नाही, आणि गुरुजींनी समुद्र पाहिलेला नाही. सौंसरच्या मराठी शाळेत त्यांनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. मीही त्यांच्याच हाताखालचा. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते पोळीचा एक घास तोडायचे आणि शेजाऱ्याला सांगायचे, "हे पाहा, झाला उपसागर!" शेजारी बिचारा भात यायची वाट बघत उपसागर बघायचा. दर उन्हाळ्यात आम्हा पोरांना कन्हान नदीच्या रेतीत नेऊन खाड्या खणायला लावायचे, आणि घरी गेल्यावर चड्डीतून बेटं निघायची. एकदा तर खरा समुद्र बघायला म्हणून ते पांढुर्ण्याहून गाडीत बसलेही होते. नागपूरला एक जुना विद्यार्थी भेटला, त्यानं घरी जेवायला नेलं, चार दिवस ठेवून घेतलं, आणि गुरुजी तिथूनच परत आले.

गेल्या फाल्गुनात माझे व्याही पहिल्यांदाच सौंसरला आले. ते कोकणातले, घराच्या पायरीपासून हाकेवर समुद्र. ही बातमी लागताच गुरुजींनी माझा पाहुणा परस्पर ताब्यात घेतला. मी संत्र्याची बाग दाखवायचं ठरवलं होतं. "झाडं काय दाखवून राहिला त्याले? किनाऱ्याच्या माणसाले किनाऱ्यावाचून करमन काय?" म्हणाले, आणि आम्हाला कन्हानवर घेऊन गेले. रेतीत सतरंजी अंथरली, गोवऱ्यांवर रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली. व्याह्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाय पाण्यात सोडले आणि सकाळभर तिथून हलले नाहीत. गुरुजींनी हातानं रेती उकरून झिरा काढला, गढूळ पाणी उपसून टाकलं, आणि खालून नितळ पाणी आल्यावर ओंजळ पुढे केली. "पिऊन पाहा जी. तुमच्या समुद्रात जमते काय असं?" व्याही चार ओंजळी प्यायले आणि नाही म्हणाले.

जेवण अंगावर येऊन पाहुणा आडवा होणार, तोच गुरुजींनी पिशवीतून वही काढली. त्यात ओळीनं प्रश्न लिहिलेले होते. "पाहुणे, चौतीस वर्षं पोट्ट्यायले सांगत आलो. चुकलो असन तं आज सांगून द्या." ही सहल नव्हती, परीक्षा होती, आणि परीक्षेला गुरुजीच बसले होते, हे मला तेव्हा कळलं. भरतीची वेळ, वाऱ्याची दिशा, मिठागरं, सगळं बरोबर निघालं. शेवटच्या प्रश्नाला मात्र व्याही घुटमळले. "तसं बघायला गेलं तर गुरुजी, आमच्याकडचा समुद्र निळा नसतो हो. मातकटच असतो."

गुरुजींनी हातातलं संत्रं खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून चुकीची दुरुस्ती सुरू झाली. बसस्टँडवर, बाजारात, तहसीलमध्ये, जिथे जुना विद्यार्थी दिसेल तिथे त्याला थांबवून, "बापू, तो निळा खोडून टाक, मातकट लिही." लोक हो म्हणायचे, तेवढ्यानं त्यांचं समाधान व्हायचं नाही. दोघांना तर त्यांनी मोहगावपर्यंत जाऊन गाठलं. व्याह्यांनी घरी येण्याचं आमंत्रण दिलं तेव्हा मात्र गुरुजी साफ नाही म्हणाले. "आणखी चुका निघाल्या तं? या वयात कोणाकोणाले सांगत फिरू?"

वैशाखात मी मुलीच्या सासरी, कोकणात गेलो. संध्याकाळी किनाऱ्यावर उभा राहिलो आणि राहवेना म्हणून गुरुजींना फोन लावला. "गुरुजी, काठाजवळ मातकट हाय, पण दूरवर निळा हाय."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग आता सगळ्यायले फिरून सांगा लागन," ते म्हणाले, पण आवाज खुललेला होता. "बरं, भरती हाय का ओहोटी?"

मला काय कळतंय! मी तसंच सांगून टाकलं.

"काय शिकवलं रे तुले मी? आज पौर्णिमा. सहा वाजले. ओहोटी पायजे. पाहून सांग बरं."

होड्या ओल्या वाळूत कलंडून पडल्या होत्या. पाणी पार लांब गेलं होतं. "बरोबर हाय, गुरुजी," मी म्हणालो.

ते हळूच म्हणाले, "आवाज आईकव ना जरा."

मी फोन समुद्राकडे धरला. हात भरून आला, तरी खाली घेववेना.