अक्काला वाचून दाखवायला काहीतरी

आमच्या घरात देवघर स्वयंपाकघरात होतं आणि माझी पुस्तकं बाहेरच्या खोलीत. धारवाडच्या एका हायस्कूलात मी पदार्थविज्ञान शिकवायचो. घर मराठी, वडील वकील. त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो. अप्पांचाही देवाधर्माकडं ओढा नव्हता, पण ते त्याबद्दल कधी बोलायचे नाहीत. मी बोलायचो. बायको सकाळी पूजेला बसली की चहाचा कप हातात घेऊन दारात उभा राहायचो आणि आज देवाकडं काय अर्ज टाकलाय, असं विचारायचो. स्टाफरूममध्ये कन्नड शिकवणारे एक वयस्कर सहकारी होते. त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली एका स्वामींचा फोटो होता. पेपर तपासायला घेण्याआधी ते त्या फोटोला बोट लावून बोट डोळ्याला लावायचे. एकदा सगळ्यांदेखत मी त्यांना विचारलं, मार्क तुम्ही देता की स्वामी देतात? सगळे हसले. तेही हसले. नव्वदच्या दशकात माझी ओळख ही अशी होती आणि मला ती आवडायची.

माझी थोरली बहीण कलघटगीला दिली होती. तिच्या नवऱ्याचं तिथं बी-बियाण्यांचं दुकान. आई लवकर गेल्यामुळं अक्कानंच मला न्हाऊमाखू घालून शाळेत धाडलं होतं. दोन हजार सालानंतर एका उन्हाळ्यात तिच्या पोटात दुखायला लागलं. हुबळीच्या डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं आणि परत शिवून टाकलं. भाऊजींना बाजूला घेऊन, आता घरीच घेऊन जा, असं सांगितलं. अक्काला कुणी काही सांगितलं नाही, पण तिला कळलं होतं.

दर शनिवारी सकाळची शाळा संपली की मी कलघटगीला जायचो. अशाच एका शनिवारी तिच्या उशाशी बसलो होतो. भाऊजी दुकानात होते. तिनं मला जवळ सरकायला सांगितलं.

"पोथ्या मला पाठ आहेत रे," ती म्हणाली. "तोंडानं म्हणत असते आणि मन भलतीकडंच जातं. तू एवढं वाचतोस. मला काहीतरी वाचून दाखव की. भीती वाटते. तिचं काय करायचं ते सांगणारं काहीतरी."

आणतो म्हणालो. परतीच्या बसमध्ये बसल्यावर घरचं कपाट डोळ्यांसमोर आणलं. वरच्या कप्प्यापासून खालच्या कप्प्यापर्यंत मनातल्या मनात पुस्तकं काढून पाहिली. तिला वाचून दाखवावं असं त्यात एकही नव्हतं.

सुभाष रोडवरच्या पुस्तकांच्या दुकानात मी वर्षानुवर्षं जात होतो. मालक मला पाहिलं की विज्ञानाची नवी पुस्तकं काउंटरवर मांडायचे. त्या दिवशी मी बराच वेळ वह्यांच्या ढिगापाशी घुटमळलो. गिऱ्हाइकं पांगल्यावर हळूच म्हणालो, जरा अध्यात्माचं काही असेल तर बघायचं होतं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि कुणासाठी, असं विचारलं. बहिणीसाठी, मी म्हणालो. ते खरंच होतं, पण माझा आवाज खोटं बोलणाऱ्यासारखा आला. त्यांनी व्रतांच्या पुस्तिका काढल्या, चमत्कारांच्या कथा काढल्या, मनःशांतीतून यश कसं मिळवावं याचं एक चकचकीत पुस्तक काढलं आणि शेवटी एक जाडजूड भाष्यग्रंथ. त्यातलं एक वाक्य मी उभ्या उभ्या पुन्हा पुन्हा वाचलं, तरी अर्थ लागला नाही. शेवटी कथांचं पुस्तक घेतलं आणि पिशवीत वर्तमानपत्राखाली ठेवलं.

पुढच्या शनिवारी अक्काला त्यातली पहिली कथा वाचून दाखवली. एका भक्ताला असाध्य रोग होतो, तो गुरूंच्या पायावर पडतो आणि रोग जातो. अक्का डोळे मिटून ऐकत होती.

"याचा बरा झाला," ती म्हणाली. "ज्याचा बरा होत नाही, त्याच्यासाठी काय लिहिलंय?"

मी पानं चाळली. पुढच्या सगळ्या कथांतली माणसं बरी होत होती. मी पुस्तक मिटलं.

त्या सुमारास गावात इंटरनेटची दुकानं निघाली होती. जगातलं सगळं तिथं सापडतं, असं मुलं म्हणायची. पण धारवाडच्या दुकानांत माझेच विद्यार्थी बसलेले असत. म्हणून मी हुबळीत केशवापूरला एक दुकान गाठलं. तसंही कलघटगीची बस हुबळीहून मिळायचीच. प्लायवूडच्या छोट्या खोल्या आणि प्रत्येकीला पडदा. मालकानं मला एका खोलीत बसवलं, कसं शोधायचं ते दाखवलं आणि जाताना पडदा ओढून घेतला. माझ्या वयाचं गिऱ्हाईक आलं की तो ओढतच असावा.

सुरुवातीचे शनिवार वायाच गेले. एका ठिकाणी आधी देणगी द्या, मग वाचा, असं होतं. एका ठिकाणी सात पायऱ्यांत मुक्ती होती. एक पान उघडलं तर कॉम्प्युटरवर समया लुकलुकायला लागल्या आणि घंटांचा गजर सुरू झाला. आवाज कसा बंद करायचा ते मला ठाऊक नव्हतं. सगळ्या दुकानात आरती घुमली. शेजारच्या खोलीतून कुणीतरी हसलं. मी गडबडीत कॉम्प्युटरच बंद केला आणि तापलेले कान निवेपर्यंत तसाच बसून राहिलो.

मग एकदा एक साधं पान सापडलं. चित्र नाही, रंग नाही, कुणाचा फोटो नाही. लांबच्या कुठल्यातरी देशातली एक बाई, मरणाला टेकलेल्या माणसांच्या दवाखान्यात काम करणारी. तिनं साध्या इंग्रजीत लिहिलं होतं. अशा माणसाला समजावू नका, म्हणत होती. त्याची भीती खोटी आहे असं सांगू नका, त्याच्या श्वासाच्या चालीनं सावकाश वाचा आणि त्यानं डोळे मिटले की थांबा. खाली तिनं तिथल्या रोग्यांबरोबर म्हटलेल्या छोट्या प्रार्थना होत्या. त्यांत देवाचं नाव क्वचितच यायचं. एकीत एवढंच होतं, की आज जे सोडवत नाही ते माझ्या हातात राहू दे आणि माझा हात तू धर. ते वाचताना अक्षरं पुसट व्हायला लागली. मी चष्मा काढून पुसला, तेव्हा कळलं की चष्म्यावर काही नव्हतं. पडदा नीट ओढलेला आहे ना, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

पानं छापून घेतली आणि अक्काला तिथल्या तिथं मराठी करत वाचून दाखवली. मधेच एखाद्या शब्दाला मराठी सुचायचं नाही, मग मी कन्नड शब्द घालायचो. अक्काला चालायचं. तिचा श्वास सावकाश होत जायचा. कंटाळा आला की "साकु" म्हणून हात वर करायची, म्हणजे पुरे. असे पुष्कळ शनिवार गेले. एकदा तिनं हात वर केला आणि म्हणाली, "चांगलं आहे हे. पण तू असा वाचतोस की जसं कुणी मागं उभं आहे. इथं कोण आहे? लाजतोस कशाला?"

मी हसण्यावारी नेलं.

त्याच महिन्यात हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. ते कन्नडमधून, फार आडून आडून बोलत होते. शिक्षकाकडं गाव पाहत असतं, हुबळी काही लांब नाही, पडद्याच्या खोल्यांतून मास्तर बाहेर पडताना पालकांनी पाहिलं तर शाळेचं काय होईल, असं काहीसं. मला आधी कळेचना. मग कळलं, पडद्याआड बसून मी नको ती चित्रं बघतो, असा त्यांचा समज होता. आमच्याच शाळेतल्या कुणीतरी मला केशवापूरला पाहिलं होतं आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा पाहिलं होतं.

छापलेली पानं माझ्या पिशवीतच होती. काढून टेबलावर ठेवली असती तर तिथंच सगळं संपलं असतं. पण भिंतीपलीकडं स्टाफरूम होती आणि तिथं ते काचेखालचे स्वामी होते. भौतिकशास्त्राचे सर पडद्याआड बसून प्रार्थना वाचतात, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं असतं. मी म्हणालो, पुन्हा जाणार नाही, सर. त्यांनी मान डोलावली. त्यांच्या समजुतीप्रमाणं मी कबुली दिली होती. बाहेर आलो तेव्हा माझं मलाच कळेना, की प्रार्थनेपेक्षा ही बदनामी मला सोपी कशी वाटली.

हेडमास्तरांनी गोष्ट आपल्यापाशी ठेवली असेल, पण ज्यानं पाहिलं त्यानं ठेवली नव्हती. आठवड्याभरात ती कुणाच्या तरी बायकोमार्फत माझ्या बायकोपर्यंत आली. मी शाळेतून आलो तर ती पाटावर बसून भाजी निवडत होती. वर न बघता तिनं विचारलं, "अहो, शनिवारी हुबळीत कुठं जाता तुम्ही?"

मी पिशवीतून पानं काढून तिच्यापुढं ठेवली आणि अक्कानं काय मागितलं होतं ते सांगितलं. इंग्रजी तिला बऱ्यापैकी यायचं. तिनं पहिलं पान सगळं वाचलं, दुसरं वाचलं. तिच्या तोंडावरचा ताण गेलेला मला दिसला आणि मला वाटलं, मिटलं. मग तिनं पानं नीट जुळवून खाली ठेवली.

"हे मला का नाही सांगितलंत? मी हसले असते, असं वाटलं तुम्हाला?"

या घरात या गोष्टीला हसणारा एकच माणूस होता. लग्नाला पंधरावर वर्षं झाली होती आणि तेवढी वर्षं ती माझं हसणं पाठीवर घेऊन पूजा करत होती. संशयाला जागा दिल्याबद्दल तिनं मला दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. तिनं भाजी उचलली आणि आत गेली.

त्या शनिवारी ती माझ्याबरोबर कलघटगीला आली. केशवापूरच्या दुकानात जाणं मी बंद केलं होतं, होती ती पानंच पुन्हा वाचत होतो. मी एक वाक्य मराठीत सांगायचो आणि ती ते सोपं करून अक्काच्या कानाशी म्हणायची. माझ्या मराठीत इंग्रजीचा वास होता, तिच्या मराठीत तो जायचा. अक्कानं तिचा हात धरून ठेवला होता.

दिवाळीच्या आधी अक्का गेली. सकाळी, भाऊजी दुकान उघडायला गेले असताना, शांतपणे.

तेराव्याला बरीच माणसं आली. शाळेतूनही आली, हेडमास्तर आणि ते कन्नडचे सहकारी दोघंही. जेवणं व्हायच्या आधी भाऊजी मला म्हणाले, "तू तिला वाचायचास ते वाच. तिला शेवटी तेवढंच ऐकायचं असायचं. इथल्यांनाही ऐकू दे." मी नको म्हणालो. ते पुन्हा म्हणाले. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी पानं काढली. घड्यांवर ती फाटायला आली होती. ही कुठून मिळवली, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा केशवापूरच्या इंटरनेटच्या दुकानात बसून शोधली, असं मी सांगितलं. हेडमास्तरांनी मान खाली घातली. त्यांच्याकडं बघवेना. त्यांचा गैरसमज एका वाक्यात दूर करता आला असता, तेव्हा मी तो तसाच ठेवला होता.

मी वाचलं. वाईट वाचलं. दोनदा थांबावं लागलं. जेवणानंतर हात धुताना कन्नडचे सहकारी शेजारी आले. स्वामींच्या फोटोवरून ते मला काहीतरी बोलतील, म्हणून मी तयार होतो. त्यांनी त्या पानांची एक प्रत मागितली. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती. मी कितीतरी दिवस त्यांच्या समोरच्या टेबलाशी बसत होतो आणि मला हे ठाऊक नव्हतं.

पुढं काही वर्षांनी घरी कॉम्प्युटर आला. ते पान तोवर नाहीसं झालं होतं, पत्ता घातला की कोरी चौकट यायची. मी दुसरी शोधत राहिलो. वाचण्याजोगं क्वचित सापडतं. वाढवून-चढवून सांगणारं, घाबरवणारं आणि घाईत मोक्ष देणारं सगळं बाजूला केलं की थोडंसंच उरतं. सापडलं की बायकोला हाक मारतो, ती चष्मा लावून शेजारी येऊन बसते. पण वाचता वाचता दाराची घंटा वाजली की माझा हात आपोआप कॉम्प्युटरवरचं पान बंद करायला जातो. ती ते बघते. मग उठून दार उघडायला जाते.