खालून वर चढणारं चित्र

माझा धाकटा भाऊ घरातून गेला तो मुलाखतीला म्हणून. कुर्डुवाडी स्टेशनवर ओळखीच्या एकाला तो दिसला होता, त्यापुढचं कुणालाच माहीत नाही. भांडण झालं नव्हतं, आणि तेच जास्त खुपतं. चौकीत तक्रार दिली. 'कळवतो' म्हणाले, अजून कळवतायत. मागे राहिला त्याचा लॅपटॉप आणि त्यात अक्षरांनी काढलेलं एक चलतचित्र.

अक्षरांनी म्हणजे खरंच अक्षरांनी. कंस, टिंबं, तिरप्या रेघा असं सगळं जुळवून माणूस उभा करायचा, पुढच्या चौकटीत त्याचा पाय जरा हलवायचा. हे वेड आमच्या घरातलंच. वडील चादरींच्या कारखान्यासाठी ग्राफच्या कागदावर नक्षी काढायचे. मोर असो की कमळ, चौकोनांत बसवायचं. भाऊ त्यांच्या शेजारी बसून ते शिकला. मला चौकोन बघूनच जांभया यायच्या. मी एका कॉलेजात नेटवर्क सांभाळते, म्हणजे पोरांनी उपटलेल्या केबली पुन्हा खोचते.

भावाची हौस अशी, की हे चित्र आपल्या घरच्या सर्व्हरवर लावावं. जगात कुठेही कुणी टर्मिनलची काळी खिडकी उघडून आपला इंटरनेटवरचा पत्ता टाकला, की त्याच्यासमोर आपला माणूस चालू लागावा. पत्ता त्यानं घेऊनही ठेवला होता, कुणाला सांगितला मात्र नव्हता. तो निघून गेल्यावर वडीलही वारले. मग एका उन्हाळ्यात मी ठरवलं, की हे आपण करायचं. तो कुठेही असला तरी हा पत्ता एकदा तरी टाकून बघणारच, एवढा मी त्याला ओळखत होते.

पहिल्यांदा लावलं तर चौकटी एकाखाली एक नुसत्या उलगडत गेल्या, मागावरून कापड उतरावं तशा. दोन चौकटींच्या मध्ये पडदा पुसायचा राहिला होता. तो पुसला, थोडं थांबायला लावलं, आणि माणूस चालला. आधी मोकळा रस्ता. मग लांबून एक ठिपका येतो, मोठा होतो, त्याला हातपाय फुटतात. तो दारात येतो, आत जातो, खिडकीत दिवा लागतो. संपलं की सर्व्हर आपणहून जोडणी तोडायचा.

आई माझ्या मागे उभी होती. ती वैराग गावची, कॉम्प्युटरशी तिचं कधी जमलं नाही. "आला की गं," एवढंच ती बोलली. त्या दिवसापासून चहा झाला की ती लॅपटॉपसमोर येऊन बसायची आणि मी तिला ते लावून द्यायची.

वाट उघडल्यावर काय काय येतं ते मला कामामुळे ठाऊक होतं. कुठल्या कुठल्या देशांतली यंत्रं येऊन पासवर्ड लावून बघायची, दार हलवून बघावं तशी. त्यांचं मला काही वाटत नसे. पण एक पाहुणा वेगळा होता. तो काही टाइप करायचा नाही. अधूनमधून यायचा, दर वेळी निराळ्या मोबाईल नेटवर्कवरून. चित्र शेवटपर्यंत बघायचा आणि जोडणी तुटली की गप्प जायचा. तो आला की मी आईलाही सांगायची.

मग एकदा फडताळ आवरताना डबे खाली काढले. खाली वडिलांचे जुने ग्राफ अंथरलेले होते. प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात तळाशी छोटी फुली. ती मागवाल्यासाठी असायची: इथून सुरुवात, कारण कापड खालून वर चढतं. हीच फुली भावाच्या फाइलमध्येही होती, अगदी शेवटच्या चौकटीत. मी ती उंबऱ्यावरची रांगोळी समजले होते.

डबे तसेच टाकून मी चौकटींचा क्रम उलटा केला आणि चित्र लावलं. खिडकीत दिवा. दिवा विझतो. माणूस दारातून बाहेर पडतो, लहान होत जातो, ठिपका होतो. शेवटी मोकळा रस्ता.

तो येत नव्हता. तो जात होता, आणि जाण्याआधी सांगून गेला होता. मला इतका राग आला, की तो समोर असता तर मी कानाखाली वाजवली असती. हे काय निरोप घेणं झालं?

आई दारात उभी राहून सगळं बघत होती. मी तिला फुलीचं सांगितलं. म्हटलं, आता त्यानं केलंय तसंच, उलट्या क्रमानं लावते, त्याचं काम आहे.

"त्यो बगतुय न्हवं तितनं?" तिनं विचारलं.

"तोच आहे कशावरून? कुणीही असेल."

"असू दे की. आदी हुतं तसंच लाव. त्याला दिसू दे, हितं त्याला कुणी जाऊ दिलं न्हाय." वर म्हणाली, "आन् आत आला की लगीच मोडू नगं. दिवा ऱ्हाऊ दे."

मी क्रम पुन्हा होता तसा केला. शेवटची चौकट तशीच धरून ठेवली. बघणारा स्वतः बंद करेपर्यंत आता खिडकीतला दिवा विझणार नव्हता.

पाहुणा काही दिवसांनी संध्याकाळी आला. कुकरची शिट्टी होत होती. रस्ता, ठिपका, माणूस, दार. दिवा लागला. मी जोडणी तुटायची वाट बघत राहिले, पण ती तुटेना. मी आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. पलीकडे कुणीतरी आमच्या घरातल्या दिव्याकडे बघत बसलं होतं. आम्ही दोघी इकडे बसलो होतो. कुकर थंड झाला, तरी कुणी हललं नाही.

मग जोडणी तुटली.

आई उठली, पुढच्या दाराची कडी काढली आणि दार नुसतं लोटून ठेवलं. मी तिला अडवलं नाही. पण खरं सांगते, मला भीती वाटली. तो आलाच नाही आणि ते दार पुन्हा लावायची वेळ आली, तर ते मलाच लावावं लागणार होतं.