मातीच्या बैलाचा बोजारा

आमच्या घरात रागीट माणूस एकच, आणि ती मी. नवरा म्हणजे गरीब गाय. सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणतो. त्यांची सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. विदर्भातले खड्डे इतकी वर्षं उभ्यानं सोसलेला माणूस खरं तर चिडका व्हायला हवा होता. पण चिडायचं काम त्यांनी बहुतेक प्रवाशांवर सोपवून टाकलं असावं.

त्यांना नाद एकच, नाण्यांचा. तिकिटाच्या पैशात एखादं वेगळं नाणं आलं की स्वतःच्या खिशातलं तेवढ्याच किमतीचं नाणं पिशवीत टाकायचं आणि आलेलं ठेवून घ्यायचं. रुपयाला रुपया, चाराण्याला चाराणे. असं करत करत कमळाचे पिवळे वीस पैसे आले, भोकाचा पैसा आला, टाकसाळीत चुकून दोनदा ठसा बसलेला रुपया आला. आणि चांदीचा राणीछाप रुपया. तो काटोलच्या गाडीत एका म्हातारीनं लुगड्याच्या गाठीतून सोडून दिला होता. "आजी, हा चांदीचा हाय," असं मामाजींनी सांगून पाहिलं. "चांदीचा राहो का लोखंडाचा, मले लेकीच्या घरी पोचव बापा," म्हणाली. सगळा ऐवज तिकिटांच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत, कप्प्याकप्प्यांत असायचा. लग्न होऊन आल्यापासून मी ती पेटी फक्त वरून पुसत आले.

मागच्या वर्षी सीताबर्डीत नाणी जमवणाऱ्यांचं प्रदर्शन ठरलं आणि मामाजींना एक अख्खं टेबल मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं असं काही चारचौघांत मांडलं जाणार होतं. निवृत्तीच्या दिवशीचा सत्कारसुद्धा बिचाऱ्यांचा हुकला होता, कारण त्यांचीच गाडी उशिरा पोचली. प्रदर्शनवाल्यांपैकी एक जाणकार घरी येऊन पेटी बघून गेले. राणीछाप त्यांनी भिंगाखाली धरला, त्यावरचं कसलंसं बारीक चिन्ह पाहिलं आणि जो आकडा सांगितला, तो ऐकून नवऱ्यानं चहाचा कप खाली ठेवला. मामाजींना आकड्याचं काही नव्हतं. ते दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना सांगत सुटले, "रविवारी टेबल हाय आपला. या पाहाले."

त्याच आठवड्यात तान्हा पोळा आला. आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडी बैल सजवून दारोदार आणतात. आपण बैलाला ओवाळायचं आणि पोरांच्या हातावर पैसे ठेवायचे. त्या पैशांना बोजारा म्हणतात. माझ्या मुलीच्या पायाला प्लास्टर होतं, म्हणून ती त्या वर्षी बैल घेऊन निघू शकत नव्हती. तिला दारात खुर्ची टाकून दिली, पुढ्यात स्टूल, स्टुलावर कुंकू आणि चिल्लरची वाटी. आमच्या प्रतापनगरातली पोरं मोठी बेरकी. एकानं तर बैलाच्या गळ्यात बापाचा क्यूआर कोड बांधून आणला होता. मी त्याला असा काही झापला की त्याचा बैलसुद्धा दचकला असेल.

पण चिल्लर भराभर संपत आली. हल्ली घरात सुटे पैसे असतात कुठे? मामाजी प्रदर्शनवाल्यांना भेटायला मेट्रोनं गेलेले, नवरा मारबतीच्या मिरवणुकीच्या गर्दीत अडकलेला. शेजारणीला लक्ष ठेवायला सांगून मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. तिथेही पोरांची झुंबड. दुकानदारानं बराच वेळ ताटकळत ठेवलं आणि शेवटी गल्ल्यातली ओंजळभर चिल्लर माझ्या पिशवीत ओतली.

घरी आले तर मुलगी खुशीत. म्हणाली, "आई, चिल्लर सरली होती. मग मी आबाजींच्या पेटीतले दिले."

पेटी तिच्या खुर्चीशेजारच्याच टेबलावर होती. मामाजी सकाळी ती लावत बसले होते. मी झाकण उघडलं. बहुतेक कप्पे रिकामे होते. मी पिशवीतली चिल्लर भसकन ताटात ओतली. त्यात दोन मोठाली, जुनी, नक्षीची नाणी चमकली. आमचीच! पोरांनी ती दुकानात देऊन कुरकुरे घेतले होते आणि दुकानदारानं मला सुटे म्हणून परत दिली होती.

"काहून केलंस असं?" मी ओरडले.

"आबाजीच म्हणतात ना, दारातल्या नंदीले रिकाम्या हातानं पाठवू नये. मी बरोबर दिले. वाचून दिले. रुपयावर एक लिहिला होता ना."

"आणि राणीचा? तो मोठा?"

"एक मुलगी मातीचा बैल घेऊन आली होती, तो तिच्या बैलाला दिला. तिचा बैल सगळ्यात लहान होता. तिला कोणी नाही देत जास्त. म्हणून सगळ्यात मोठा रुपया तिला."

मला तिला रागवायचं होतं खरं. मोठ्या बैलाला मोठा बोजारा, लहानाला लहान, हे आम्ही सगळे वर्षानुवर्षं करत आलो. ते उलटं असायला हवं हे मला कधी सुचलं नव्हतं. पण तेव्हा एवढा विचार कोण करतो! माझ्या डोळ्यांपुढे रविवारचं टेबल होतं. मामाजी त्यावर मांडणार काय, रिकामी पेटी?

मामाजी आले. नवरा आला. नवऱ्यानं भीत भीत सांगितलं. मामाजी पेटीपाशी बसले, एकेका कप्प्यात बोट फिरवलं. चेहरा पार उतरला त्यांचा. मला वाटलं, आता हा माणूस रडेल. मी पदर खोचला आणि म्हटलं, "मामाजी, मी आत्ता निघते. घरोघरी जाऊन एकेक नाणं काढून आणते."

"नाही." आवाज चढला त्यांचा. मी तो पहिल्यांदाच ऐकला. "नंदीले देल्लेला बोजारा वापस मागतेत काय वं? घरात लक्ष्मी राहीन काय अशानं?"

मग त्यांनी नातीला जवळ घेतलं. "तू बरोबर केलं बाई," म्हणाले. "नंदी दारात होता."

बातमी गल्लीभर झालीच. दुसऱ्या दिवशी आयाच पोरांना धरून घेऊन आल्या. मामाजींनी गेटपाशी खुर्ची टाकली आणि कंडक्टरकीतली जुनी कातडी पिशवी सुट्या पैशांनी भरून मांडीवर घेतली. नाणं घ्यायच्या आधी प्रत्येक पोराला ते सांगायचे, "पाह्य बेटा, हे नाणं जपून ठेवशील तं तुले पुढं याचे लई पैसे भेटतील. मले देशील तं याच्यावर लिहिलं हाय तेवढंच भेटन. आता तू बोल." मी दारात उभी राहून दात खात होते. अहो, सांगायची गरज काय? पोरं विचारात पडत. बरीच नाणी आली, काही पोरांनी ठेवून घेतली. ठसा चुकलेला रुपया एका मुलानं मुठीत घट्ट आवळला आणि पळाला. मामाजी हसले. म्हणाले, "समजदार हाय पोट्टा."

राणीछाप काही आला नाही. मातीचा बैल आणणारी मुलगी आमच्या घरासमोर चाललेल्या इमारतीच्या कामावरची होती. तिचे आईबाप छत्तीसगडचे. त्यांच्याकडे पोळ्याला मातीचाच बैल करतात, चाकंही मातीची. मामाजी म्हणाले, जाऊन येतो. मला हायसं वाटलं. आता तरी मागतील! मी बरोबर गेले.

पत्र्याच्या खोलीसमोर तिची आई भात शिजवत होती. मामाजींनी मुलीच्या वडिलांना बाजूला घेतलं आणि त्यांच्या त्या नागपुरी हिंदीत समजावलं, "भाऊ, वो रुपया चांदी का है. पुराना है. सराफ के पास मत ले जाना, वो वजन का पैसा देगा. इसकी कीमत बहोत ज्यादा है." आणि जाणकारानं सांगितलेला आकडा जसाच्या तसा सांगितला. बाईच्या हातातला डाव भातातच थांबला. ती आत गेली, फडक्यातून रुपया काढून आणला आणि मामाजींपुढे धरला. घाबरली होती. मामाजींनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आपका है. नंदी को दिया है," म्हणाले. "बस, इतवार को बच्ची को लेके आना. मेरा टेबल है."

मी त्या माणसाच्या घरात बारा वर्षं राहिले. त्यांच्या हातचा चहा प्यायले, त्यांच्याशी भांडले, औषधांवरून त्यांना टाकून बोलले. त्या दिवशी विटांच्या ढिगाऱ्यापाशी उभी राहून मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले. इतकं मोठं माणूस आपल्या घरात रोज वरण-भात जेवतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

रविवारी टेबल मांडलं. जमली तेवढी नाणी लावली, राणीछापाचा कप्पा रिकामा ठेवला. बाकीच्या टेबलांवर काचेखाली मखमल, आमच्याकडे पत्र्याची पेटी. तरी लोक थांबत होते. दुपारी ती मुलगी आली, बापाचं बोट धरून, तेल लावलेल्या दोन वेण्या घालून. मामाजींनी तिला आपल्या खुर्चीवर बसवलं. तिनं मूठ उघडली आणि रुपया दाखवला. बघता बघता गर्दी झाली. त्या दिवशी तेवढी गर्दी दुसऱ्या कुठल्या टेबलाला नव्हती.

एक गृहस्थ बराच वेळ वाकून बघत होते. त्यांनी मामाजींना विचारलं, "द्यायचा का? बोला, काय घ्याल?"

"माहा नाही तो," मामाजी म्हणाले. "तिले विचारा."

गृहस्थांनी खिशातून पाकीट काढलं. "बेटी, कितने में दोगी?"

तिनं आधी बापाकडे पाहिलं. बापाला आकडा माहीत होता, आणि तो घाम पुसत होता. माझाही जीव टांगणीला लागला. खरं सांगते, तिनं विकला असता तर मला आनंदच झाला असता. मग तिनं मूठ मिटली.

"बोजारा है ये," ती म्हणाली. "मेरे बैल को मिला है. बेचते नहीं."

गृहस्थांचं पाकीट खिशात गेलं. चष्मा काढून त्यांनी पुसला, पुन्हा लावला आणि हळूच विचारलं, "एक बार और देखने मिलेगा?"

तिनं थोडा विचार केला, आणि मूठ उघडली.