हात कच्चा आहे

आमची मावशी एकतीस वर्षं टांकसाळीत तपासणीच्या टेबलाला होती. चुकलेली नाणी उचलून बाजूला टाकायची, हेच काम. निवृत्त झाल्यावर ओळखीच्या एका नाणेवाल्यानं तिला दुकानात बोलावलं. त्याच्याकडे जुन्या नाण्यांचे शौकीन यायचे. नाण्यातला दोष टांकसाळीतच झालेला असला तर त्या नाण्याला मान. नंतर कुणी ठोकलं, घासलं असलं तर ते नुसतं खराब नाणं. हा निवाडा मावशी करायची.

"रेघ उठलेली असली तर नाणं छापायच्या ठशाला तडा गेला होता म्हणायचं," तिनं मला भाजी निवडता निवडता शिकवलं होतं. "तड्यात धातू शिरतो ना. रेघ खोल असली की तो नंतरचा ओरखडा."

तोंडानं मात्र फटकळ. एकानं वडिलांनी जन्मभर जपलेलं चपटं नाणं आणलं, तर ही म्हणाली, "लहानपणी रुळावर ठेवलं असणार त्यांनी." तो बिचारा हसावं की रडावं अशा चेहऱ्यानं गेला.

काका, म्हणजे तिचे यजमान, कारखान्यात फिटर होते. केसाएवढा फरक बोटानं ओळखायचे. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. पुढे बोटं थोडी हलू लागली, पण सदऱ्याची बटणं मावशीच लावायची. तेवढा वेळ काका भिंतीकडे बघत उभे राहायचे.

मागच्या गॅलरीत त्यांचं कामाचं टेबल होतं, त्याला वस्तू घट्ट आवळून धरणारा लोखंडी व्हाइस बसवलेला. मावशी अकराला दुकानात गेली की ते तिथे जाऊन बसत.

"दिवसभर करता काय तिथे?"

"व्हाइसला सोबत," काका म्हणायचे.

एके दिवशी नाणेवाल्यानं तिच्यापुढे एक नाणं ठेवलं. पुढे नेहमीचं चित्र, मागे तेच चित्र उलटं आणि आत दबलेलं. टांकसाळीत असं क्वचित होतं. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि त्याचाच छाप पुढच्यावर बसतो.

मावशीनं भिंग लावलं आणि लगेच काढलं.

"नंतर केलंय. मागची बाजू घासून सपाट केली, वर दुसरं नाणं ठेवून व्हाइसमध्ये आवळलं. पुढचं चित्र चेपलंय बघ. आणि छाप एकीकडे खोल, एकीकडे उथळ. हात कच्चा आहे." वर हसून म्हणाली, "त्याला म्हणावं, आधी खिळा ठोकायला शीक." नाणं तिनं भंगाराच्या डब्यात टाकलं.

दोन दिवसांनी गॅलरीतल्या व्हाइसवर फडकं बांधलेलं तिला दिसलं. "डोळे दुखतात आता," काका म्हणाले. त्यानंतर ते खिडकीजवळच्या खुर्चीतून फारसे उठले नाहीत. सात महिन्यांनी दुसरा झटका आला, आणि ते गेले.

पुढे वीसेक दिवसांनी नाणेवाला घरी आला. मी तिथेच होते. चहा निवून गेला तरी त्यानं कप उचलला नाही.

"ताई, ते व्हाइसमध्ये दाबलेलं नाणं... ते त्यांनी केलं होतं."

मावशीनं हातातला कप खाली ठेवला.

"चार महिने खपले. आठ वाया गेली, ते नववं होतं. मला म्हणाले, ती फसणार नाही, माहीत आहे मला. पण तिला दोनदा बघावं लागलं, तर हात परत आला असं मी धरेन."

"मी कितीदा बघितलं?"

"एकदाच."

"तू काय सांगितलंस त्यांना?"

"तुम्ही बोललात तसंच. मला वाटलं, तेही हसतील."

"हसले?"

"हसले. मग म्हणाले, बरोबर बोलते ती."

भंगाराचा डबा केव्हाच वितळायला गेला होता. नाणेवाला गेल्यावर मावशीनं गॅलरीतल्या टेबलाचा खण उघडला. चिंधीत बांधलेली आठ नाणी निघाली. तिनं ती ओळीनं मांडली. पहिल्यावर नुसते वेडेवाकडे ओरखडे होते. तिसऱ्यावर कानस निसटून कड गेलेली. सहाव्यावर छाप अर्धवट बसलेला. आठव्यापर्यंत मागची बाजू आरशासारखी सपाट झाली होती. हात खरोखरच परत येत होता.

दुपारभर ती त्या नाण्यांवर वाकून बसली होती. मी दोनदा जेवायला हाक मारली.

"मावशी, तुला माहीत असतं तर खोटं बोलली असतीस?"

"छे. निकाल तोच दिला असता." तिनं डोळे पुसले. "पण नाणं घासलं होतं फार सुरेख. ते मला तेव्हाही दिसलं होतं गं. तेवढं बोलायचं राहिलं."