कीटोच्या पायरीवर
आरतीसाठी कापराची डबी उघडली की मला इक्वेडोरची राजधानी कीटो आठवते, मी कधीच न पाहिलेली. आई-बाबांबरोबर फिरायला तिथली सहल मीच बुक केली होती, पण पासपोर्टवरच्या माझ्या अमेरिकन व्हिसाच्या स्टॅम्पची मुदत संपलेली. अमेरिकेबाहेर पडलो असतो तर परत येणं अवघड. म्हणून ते दोघंच गेले आणि मी इथे अमेरिकेत, शॉमबर्गला, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून व्हिडिओ कॉलवर. तिथल्या उंचावरच्या विरळ हवेत बाबा चर्चच्या पायरीवर मटकन बसले. “अरे, यांना धाप लागलीय, काय करू?” आई रडकुंडीला आली. “पर्समधला कापूर हुंगायला दे!” एवढंच मी ओरडू शकलो. श्वास जरा सावरताच बाबांनी फोन मागितला, चर्चकडे वळवला. “तुझं राहिलं ना बघायचं? बघ.” चित्र हलत होतं, मला फक्त त्यांची धाप ऐकू येत होती. व्हिसाचा नवा स्टॅम्प केव्हाच झाला. कीटोला मात्र अजून गेलेलो नाही.