भुऱ्या, शांती आणि एकच काचपेटी

घरात कुत्रं असलं की लोक विचारतात, चावतं का? मांजर असली की विचारतात, दूध पिते का? आमच्याकडे आलेला माणूस आधी काहीच विचारत नाही. काचेच्या पेटीकडे बघत नुसता उभा राहतो. मग त्याच्या तोंडून जो पहिला शब्द निघतो, त्याचाच एक किस्सा होतो. असे इतके साचलेत की पाहुणे हल्ली सरडे पाहायला कमी आणि किस्से ऐकायला जास्त येतात.

आधी घरचे सांगतो. मी कोराडीच्या वीज केंद्रात इंजिनिअर. कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये आम्ही चौघं: मी, बायको वैशाली, माझी आई आणि मुलगी सायली. सायली नागपुरात एका ऑफिसात आहे. तिची मैत्रीण परदेशी निघाली आणि जाताना आपले दोन बिअर्डेड ड्रॅगन हिच्या हवाली करून गेली, रीतसर कागदांसकट. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा सरडा. हातभर लांब, गळ्याखाली काट्यांची दाढी. रागावला की दाढी काळी पडते. मोठा तो भुऱ्या, लहान ती शांती. दोघं एकाच पेटीत राहायचे.

सायलीने त्यांना सीताबर्डीहून बसने आणलं. कंडक्टरने तिच्या मांडीवरचा भोकं पाडलेला खोका पाहिला.

"यात काय हाये?"

"सरडे."

"जिवंत?"

"हाव."

तो म्हणाला, "मंग खिडकीकडं सरक. त्याइले हवा लागू दे."

बस गच्च भरली होती. सायलीच्या शेजारची सीट मात्र कोराडीपर्यंत रिकामी आली.

०००

हे आले ते ऐन मे महिन्यात. या प्राण्याला पेटीत एक गरम कोपरा लागतो, त्यासाठी वर दिवा लावावा लागतो. आणि नागपूरच्या मे महिन्यात माणसाला काय लागतं, ते सांगायला नको. म्हणजे खोलीत कूलर सुरू, आणि कूलरसमोर पेटीत गरमीचा दिवा सुरू.

आईने दोन दिवस हे पाहिलं. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "भायेर ऊन फुकटचं हाये. तू कूलर लावून घर गार करतं, मंग लाईट लावून पेटी गरम करतं. तू इंजिनिअर होय ना गा?"

पुढे जानेवारीत एका सकाळी कॉलनीची लाईट गेली आणि दोघंही सरडे थंडीने लाकडासारखे पडले. मी फोनावर फोन लावत होतो. वैशाली पेटीजवळ उभी राहून म्हणाली, "साऱ्या विदर्भाले लाईट देता जी तुमी. या दोघाइले कोण देईन?"

तेवढ्यात आईने आपली गुडघे शेकायची रबरी पिशवी गरम पाण्याने भरली, टॉवेलात गुंडाळली आणि पेटीत ठेवली. मी म्हटलं, "अगं, तुझे गुडघे?"

"माह्ये गुडघे कुठी पळून नाही राहिले," ती म्हणाली.

०००

यांचं खाणं म्हणजे सकाळी कोहळ्याच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या फोडी, थोडा पाला आणि दुपारी जिवंत झुरळं. ही झुरळं पार्सलने येतात. घरातल्या झुरळांसारखी नसतात, भिंतीवर चढत नाहीत, पण झुरळंच. आयुष्यभर चप्पल घेऊन झुरळांमागे धावलेली माझी आई त्यांच्या डब्यात गाजराचे तुकडे टाकू लागली.

एकदा कॉलनीत औषध फवारणारा माणूस आला. आईने दार उघडलं.

"आजी, घरात झुरळं हायेत काय?"

"हायेत ना."

तो पंप घेऊन आत येऊ लागला, तशी आई दारात आडवी झाली. "पण त्याइले हात नोको लावू. ते आमचे हायेत."

त्याने पुढच्या घरी जाऊन काय सांगितलं कोण जाणे. आठवडाभर शेजारून कोणी साखर मागायलाही आलं नाही.

०००

आता या दोघांच्या प्रेमाविषयी.

दिव्याखालच्या दगडावर शांती बसली की भुऱ्या हळूच यायचा आणि तिच्या पाठीवर चढून निवांत पडायचा. तासन् तास. शांती डोळे मिटून असायची. मध्येच एक हात उचलून गोल फिरवायची, टाटा केल्यासारखा. वैशाली हे बघून हरखून जायची. माझ्याकडे वळून म्हणायची, "पाहा जरा. मुक्या जिवाले समजते." आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला तिने त्या दोघांचा फोटो स्टेटसला ठेवला होता. आमचा नाही.

दुसऱ्या वर्षी पावसाळा संपता संपता शांतीने खाणं सोडलं. आधी वाटलं कात टाकायची असेल. पण ती वाळत चालली, आणि एका सकाळी तिच्या शेपटीचं टोक गायब दिसलं. सायली ऑफिसला गेलीच नाही. आम्ही शांतीला घेऊन शहरात डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी सगळं विचारलं. पेटी किती मोठी, दिवे किती, दोघं कसे राहतात. वैशालीने मोठ्या कौतुकाने तो फोटो दाखवला.

"मॅडम, हे प्रेम नाही," डॉक्टर म्हणाले. "मोठा वर चढून ऊब स्वतः घेतो आणि लहान्याला दाबून ठेवतो. लहान हात फिरवतो तो टाटा नाही. 'मी तुझ्या वाटेला जात नाही, मला मारू नको' असं सांगतो. हे प्राणी एकटेच बरे राहतात. आजच्या आज वेगळे करा." मग शेपटीच्या बुडाशी टॉर्च धरून म्हणाले, "आणि ही मादी नाही. दोघंही नर आहेत."

परतताना गाडीत वैशालीने फोनमधला तो फोटो काढून टाकला. घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं, तर तिने शांतीच्या डोक्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "शांताराम असो का शांती. जेवलं पायजे."

तेव्हापासून घरात एक नवीनच सुरू झालं. मी कूलरसमोर खुर्ची टाकली की वैशाली म्हणते, "सरका तिकडं. दाबून नोका ठेवू."

०००

जुन्या टीव्हीचं शोकेस होतं, त्याला मी काचा बसवल्या आणि शांतीचं वेगळं घर केलं. वेगळा दिवा, वेगळा दगड. पण दोन्ही पेट्या समोरासमोर आल्या आणि भुऱ्या दिवसभर दाढी काळी करून काचेला धडका देऊ लागला. शेवटी मध्ये पुठ्ठा लावला, तेव्हा निवळला.

शांती मात्र खाईना. आई कोहळं शिजवून गाळायची आणि बिनसुईच्या सिरिंजने थेंब थेंब त्याच्या ओठांना लावायची. सायली रोज वजन करायची आणि रोज तोंड फिरवून रडायची. आई तिला म्हणायची, "रडू नोको वं. ज्यानं मार खाल्ला, त्याले भूक लागाले टाइम लागते."

एका दुपारी आई ताटात सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसली होती. शांती तिच्या मांडीवर. मान लांब करून शांतीने एक काडी ओढली आणि चावून खाल्ली. मग दुसरी. आईने आम्हाला हाक मारली नाही, हलली नाही. आम्हाला कळलं ते संध्याकाळी, वरण सांभाराशिवाय आलं तेव्हा.

०००

शेवटचा किस्सा मी हल्ली सायलीच्या सासूबाईंच्या समोरही सांगतो. त्यांची हरकत नसते.

सायलीला पाहायला कुहीहून मंडळी यायची होती. मुलगा तिथेच बँकेत, घरची धानाची शेती. वैशालीचं म्हणणं, पेट्यांवर चादर टाकू. सायली म्हणाली, "चादर टाकली तं मी पण तिच्याखालीच बसतो."

चादर पडली नाही. जय भीम झालं, पाणी झालं. मुलगा पेटीसमोर उकिडवा बसला आणि भुऱ्याशी बोलू लागला, म्हणजे अर्धं काम तिथेच झालं. त्याचे वडील कॅलेंडरकडे बघत होते. त्याची आई सांगत होती, "आमच्याकडं सारे एकाच घरात हाओत. मोठा पोरगा, मोठी सून, आमी. दोन खोल्या, एक चूल. अलग राहाची पद्धतच नाही."

बोलता बोलता तिची नजर पेट्यांवर गेली. "हे दोघं अलग काहून ठेवले?"

वैशाली चहा ओतता ओतता थांबली. मी खोकलो. उत्तर आईने दिलं.

"दोघंही गुणाचे हायेत. पर एका जागी राहिले तं लहान्याचं जेवण सुटलं. कोणी भांडलं नाही, कोणी ओरडलं नाही, म्हणून आमाले समजलंच नाही. अलग केले, तवापासून दोघंही पोटभर जेवते."

बाईने शांतीकडे पाहिलं. तो दगडावर एकटाच पसरून कोहळं खात होता. मग तिने कप खाली ठेवला आणि नवऱ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली,

"आयकलं का जी? मोठी सून बी आजकाल अर्धीच पोळी खाते. वरच्या खोलीचं काम काढा."