हिमालयाचे शिंपले, मुक्काम गिरगाव

दगडांच्या खोलीत नोकरीला होतो असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्याकडे कीव आल्यासारखा बघतो. दिवसभर दगड, बोलायला कोणी नाही, हसायला काही नाही, असं त्याच्या मनात येत असणार. मग मी एक किस्सा सांगतो. तो संपेपर्यंत दुसरा आठवतो, आणि दुसऱ्याचं शेपूट धरून तिसरा येतो. शेवटी आतून हाक येते की पानं घेतली आहेत, तेव्हा तोच माणूस म्हणतो, "थांबा हो, पुढं काय झालं ते सांगा आधी."

ही प्लेगच्या आधीची वर्षं. ट्राम घोडे ओढायचे. गिरगावातल्या एका कॉलेजात मागच्या अंगाला, विहिरीजवळ, एक लांबट खोली होती. तिचे धनी भास्करराव. मुलांना भूगर्भशास्त्र शिकवायचे. उंच, किडकिडीत माणूस, पगडी नेहमी जरा डावीकडे कललेली. नमुन्यांची चित्रं काढायला हरिपंत होते. शिपाई गणू, मूळ मालवणकडचा, राहायला लालबागला. आणि मी, दगडांवर चिठ्ठ्या डकवणारा कारकून. असे आम्ही चौघे.

भास्कररावांचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला होता. हिमालयातले डेव्होनियन काळाचे थर, आणि त्यांच्या लगेच वरचे, कार्बोनिफेरस काळाच्या सुरुवातीचे. गणूला नि मला ते सोपं करून सांगायचे. फार फार पूर्वी तिथं समुद्र होता. तळाशी गाळ साचला, गाळात शिंपले आणि पोवळी पुरली गेली, गाळाचा दगड झाला. मग दोन्हीकडून जमीन रेटत आली, आणि ते थर घड्या पडत पडत आभाळाला जाऊन भिडले. आपला मुंबईचा काळा दगड आगीतून निघालेला, त्यात असला शिंपला औषधालाही सापडायचा नाही. म्हणून भास्कररावांनी कुठंकुठं ओळखी लावून तिकडचे नमुने पेट्या भरून मागवले.

*

पेट्या रेल्वेनं वाडीबंदरच्या गोदामात आल्या. सोडवायला भास्करराव स्वतः गेले, बरोबर मी आणि गणू. गोदामातला कारकून भला माणूस होता, पण कामाला पक्का. आत काय आहे, असं त्यानं विचारलं. भास्करराव म्हणाले, शिंपले. कुठून आले? तर हिमालयातून.

कारकुनानं लेखणी खाली ठेवली. खिडकीतून बंदर दिसत होतं, होड्या दिसत होत्या, सगळीकडे पाणीच पाणी. त्यानं एकदा तिकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे पाहिलं, आणि मुंबईला आता शिंपलेही बाहेरून मागवावे लागतात का, असं अगदी हळू आवाजात विचारलं.

भास्कररावांना थट्टा कधी कळायची नाही. ते म्हणाले, "हे ताजे नाहीत."

"किती दिवसांचे आहेत?"

"कोट्यवधी वर्षं झाली असतील."

कारकुनानं नाकाला रुमाल लावला. पेटीजवळ जाऊन जरा वाकला, वास घेतला, पुन्हा घेतला. मग समाधानानं परत येऊन त्यानं कागदावर लिहिलं, 'नाशवंत माल नाही', आणि पेट्या सोडल्या.

*

पेट्या उघडल्यावर भास्कररावांना वाटलं की हे सगळं लोकांनाही कळलं पाहिजे. गिरगावातच एका सभागृहात त्यांचं मराठीतून व्याख्यान ठरलं. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीश आले. वजनदार गृहस्थ, दोन्ही अर्थांनी.

थरांना घड्या कशा पडतात हे दाखवायला भास्कररावांनी व्यासपीठावर एकावर एक सतरंज्या अंथरल्या होत्या. एका टोकाला गणू, दुसऱ्या टोकाला मी. खूण झाली की दोघांनी आत रेटायचं, मधे डोंगर उठेल. अध्यक्षांच्या खुर्चीचे पुढचे पाय सतरंज्यांवर आलेत हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही.

खूण झाली. आम्ही रेटलं. काहीच हललं नाही. गणूला वाटलं, साहेबांची अब्रू जाणार. त्यानं तळहात चोळले, पाय रोवले आणि असा काही जोर लावला की सतरंज्या फुगून वर आल्या आणि अध्यक्षांची खुर्ची पुढून उचलली गेली. मागं हरिपंत उभे होते म्हणून बरं. त्यांनी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. अध्यक्ष छताकडे तोंड करून तसेच अधांतरी.

आणि अध्यक्ष तसेच पडल्यापडल्या म्हणाले, "भास्करराव, पर्वत वर कसे जातात ते समजलं. आता खाली कसे येतात तेही सांगा."

भास्करराव श्रोत्यांकडे वळले आणि गंभीरपणे म्हणाले, "ऊन, वारा आणि पाऊस यांनी. पण त्याला फार काळ लागतो."

*

हरिपंत पूर्वी शेठ-सावकारांच्या तसबिरी काढायचे. चेहऱ्यावरचे देवीचे व्रण पुसायचे, बसकं नाक सरळ करायचे. त्यामुळे गिऱ्हाईक खूश आणि हरिपंतही खूश. हीच सवय घेऊन ते आमच्याकडे आले.

पेटीत एक सुरेख शिंपला होता. दोन्ही बाजूंना पंख पसरलेल्या पाखरासारखा, वर बारीक रेघा. स्पिरिफर म्हणायचे त्याला. पण एक पंख तुटलेला. हरिपंतांनी चित्र काढलं ते दोन्ही पंखांचं. भास्करराव रागावले. आहे तसं काढा, तुटकं तर तुटकं, असं त्यांनी बजावलं. हरिपंतांना ते लागलं. माझ्या हातून आजवर कुणी लुळं निघालेलं नाही आणि हा बिचारा दगड तर तक्रारही करू शकत नाही, असं म्हणून ते दोन दिवस कामाला आलेच नाहीत. आले तेव्हाही चित्र बदललं नाही ते नाहीच.

पुढं पेटीच्या तळातला पेंढा गणू विहिरीजवळ झटकत होता, तर त्यातून एक चपटा तुकडा पडला. त्यानं तो भास्कररावांना आणून दिला. भास्कररावांनी शिंपल्याला लावून पाहिला तर तोच तुटलेला पंख. चित्र काढून आणलं. वळण तेच, टोक तेच. फक्त चित्रापेक्षा दगडात एक रेघ जास्त होती.

भास्कररावांनी मोठ्या मनानं चित्र आणि शिंपला दोन्ही हरिपंतांपुढे ठेवले. हरिपंतांनी चष्मा लावून बराच वेळ तो दगड पाहिला, आणि परत देताना म्हणाले, "जवळजवळ बरोबर आहे."

*

माझे सासरे दादरला राहायचे. नारळाच्या वाडीत घर, मोठं सोवळं-ओवळं. हिमालयातून दगड आलेत हे कानावर गेल्यावर त्यांना वाटलं शाळिग्रामच आले. आंघोळ करून, न जेवता, ते थेट खोलीवर हजर. मला वाटलं, शाळिग्रामातही शिंपलाच असतो हे भास्करराव आता सांगणार, आणि माझं सासर तुटणार.

भास्कररावांनी त्यांना बसवलं. शाळिग्राम आपल्याकडे नाहीत, हे दगड त्यांच्याहून पुष्कळ जुने आहेत, असं सांगितलं. सासरे चमकले. शाळिग्रामाहून जुनं काय असणार? तेव्हा भास्करराव म्हणाले की यांना त्यांच्या घराण्यातले आजे-पणजे समजा.

सासऱ्यांनी थोडा विचार केला. मग फळ्यांवर कुठले सगळ्यांत जुने ते विचारून घेतलं, आणि तिथून सुरुवात करून प्रत्येक फळीला क्रमानं नमस्कार केला. पुढं घरी विषय निघाला तेव्हा ते सासूबाईंना म्हणाले, "जावई बऱ्या घरी नोकरीला आहे. सगळी वडीलधारी मंडळी आहेत."

*

गणूला मासळी पोचवायला भागाबाई यायची. माझगावची कोळीण, आवाज असा की दोन गल्ल्या ऐकू जावा. एकदा गणूनं धुतलेले शिंपले व्हरांड्यात फडक्यावर वाळत घातले होते. भागाबाईनं ते पाहिले आणि टोपली खाली आपटली. तिला वाटलं, तिच्या गल्लीत तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, विकायला दुसरंच कोणी बसलं. गणूची तिनं अशी हजेरी घेतली की वर्गातली मुलं खिडकीत आली.

भास्करराव बाहेर आले. एक शिंपला त्यांनी तिच्या हातावर ठेवला. तिला वजन लागलं, आत मास नाही हे कळलं, आणि राग उतरला. मग तिनं विचारलं की समुद्र होता म्हणता, तर तो गेला कुठं? भास्कररावांना कुणी असं काही विचारलं की तहानभूक राहायची नाही. ते तिथंच पायरीवर बसले आणि तिला सगळं सांगू लागले. डेव्होनियन काळात समुद्रात किती तऱ्हेतऱ्हेचे मासे होते, काही तर अंगावर हाडाचं चिलखत घातलेले, काही होडीएवढे.

भागाबाई तोंडावर हात ठेवून ऐकत होती. मग म्हणाली, "आमची मानसं व्हती का तवा?"

भास्करराव म्हणाले, तेव्हा माणूसच नव्हता. कुठलाच नाही.

"मंग ते मासं धरायचं कोन?"

"कोणीच नाही."

भागाबाईनं टोपली डोक्यावर घेतली. फाटकापर्यंत गेली, तिथं थांबली, आणि मागं वळून खऱ्या दुःखानं म्हणाली, "केवढा माल वाया गेला."

*

मग एक दिवस प्रिन्सिपॉल साहेबांकडून निरोप आला की ही खोली बंद करायची आहे, बाकं आणि जुनी कपाटं ठेवायला जागा नाही. शेवटचं काय ते विश्वस्तांपैकी एक शेठजी येऊन ठरवणार. शेठजींची परळला कापडाची गिरणी. भास्करराव त्या दिवशी जेवले नाहीत. हरिपंतांनी सगळी चित्रं भिंतीवर लावली, गणूनं फळ्या घासून काढल्या, बाकी आमच्या हातात काही नव्हतं.

शेठजी प्रिन्सिपॉल साहेबांना घेऊन आले, भराभर बघत निघाले. पंखवाला शिंपला पाहिला, पोवळी पाहिली, मान हलवली, पुढं गेले. दारापाशी जाता जाता एका पाटीसारख्या पातळ दगडापाशी थबकले. त्यावर बारीक जाळी उमटली होती, लेस असते तशी. फेनेस्टेला नावाच्या इवल्या समुद्रजीवांचं ते घर. शेठजींनी दगड उजेडात धरला, बोटानं जाळीची वीण तपासली, आणि हे कुठल्या गिरणीचं काम, असं विचारलं. भास्कररावांनी सांगितलं की हे कापड नव्हे, जिवांनी बांधलेलं आहे, एकेकाचा आकार टाचणीच्या टोकाहून लहान.

शेठजी म्हणाले, "आपल्याकडे असा बारीक काम होत नाय. मजूर कुठून आणले?"

"मजूर चांगले होते, शेठजी," भास्करराव म्हणाले, "कारण वर मुकादम नव्हता."

प्रिन्सिपॉल साहेब खाली बघू लागले. शेठजी असे हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. खोली राहिली. पण उठता उठता त्यांनी सहज विचारलं की ते डोंगर दिसतात तरी कसे?

भास्करराव म्हणाले, "मी पाहिलेले नाहीत."

आम्ही तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो. इतकी वर्षं हा माणूस त्या डोंगराच्या घडीन् घडी फळ्यावर काढत होता, आणि तो खंडाळ्यापलीकडे कधी गेलाच नव्हता. घरचं दुखणंखुपणं, नोकरी, कधी जमलंच नाही, इतकंच ते बोलले.

"मग बघून या," शेठजी म्हणाले. जाण्यायेण्याची सोय त्यांनीच केली.

*

उन्हाळ्यात भास्करराव निघाले. एकटं जाऊ द्यायचं नाही म्हणून गणूला बरोबर दिलं. अंबाल्यापर्यंत रेल्वे, मग टांगा, मग खेचरं, मग पायी. नारळी पौर्णिमेच्या सुमारास दोघं परत आले. भास्करराव उन्हानं काळे पडलेले, नाकाची साल निघालेली, आणि चेहऱ्यावर असं काही की विचारायचा धीर होईना. त्यांनी दोन पेट्या नमुने आणले होते. थर कसे आहेत, कुठला कशाच्या वर आहे, ते सगळं त्यांनी नीट सांगितलं. पण डोंगर पहिल्यांदा समोर आला तेव्हा काय झालं, ते काही बोलेनात.

म्हणून आम्ही गणूला व्हरांड्यात गाठलं. हरिपंतांनी त्याला तपकीर दिली. गणू म्हणाला की एका खिंडीतून वळलो आणि समोर कडा उभा. खालपासून वरपर्यंत घड्याच घड्या, जशा साहेब फळ्यावर काढतात तशाच. एक झाड नाही, एक माणूस नाही. साहेब खेचरावरून उतरले. पगडी सरळ केली. मग वर्गात घेतात तशी हजेरी घ्यायला लागले. अगदी तळच्या थरापासून, एकेकाचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि थांबायचं.

"नि मग?" मी विचारलं.

"मगे काय. साहेब नाव घेतत नि थांबतत. कोण काय बोलाक तयार नाय." गणूनं तपकीर ओढली. "साहेब म्हणाले, 'डेव्होनियन.' नि थांबले. माका रवलाच नाय. मगे मीच म्हटलंय, 'हजर.'"

हरिपंतांनी चष्मा काढला. साहेब रागावले का, असं त्यांनी विचारलं.

"नाय," गणू म्हणाला. "मागे वळान बघूक पण नाय. मान हलवल्यानी नि फुडचा नाव घेतल्यानी."